गुरूच्या पहाऱ्यात बोईसरची जागा

बोईसर-तारापूर भागात राहणाऱ्या कुणालाही आकाशनिरीक्षणाबद्दल विचारा, बहुतेक वेळा एकच उत्तर मिळेल: आमच्याकडे तारे दिसतातच कुठे? एमआयडीसीचे दिवे रात्रभर जळतात, पालघर स्टेशनच्या आसपास इमारती वाढत चालल्या आहेत आणि समुद्रावरून आलेला दमटपणा त्या सगळ्या उजेडाला आणखी पसरवतो. आकाशगंगेपुरतं हे उत्तर खरं आहे. तेजोमेघ, दीर्घिका, अंधुक धूमकेतू बघायचे असतील तर जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांकडेच जायला हवं.

ग्रहांची गोष्ट मात्र वेगळी आहे. गुरू, शुक्र, शनी, मंगळ इतके तेजस्वी आहेत की शहरी उजेडाने त्यांच्या निरीक्षणाचं फारसं काही बिघडत नाही. कारखान्यामागच्या कॉलनीतल्या गच्चीवरून गुरूचे पट्टे जव्हारइतकेच स्वच्छ दिसू शकतात. ग्रहांसाठी काळोखापेक्षा स्थिर हवा महत्त्वाची आणि तिच्याही आधी रोज रात्री दुर्बिणीला डोळा लावणारा माणूस महत्त्वाचा. आजच्या ग्रहविज्ञानाला अशा माणसांची खरोखर गरज आहे. हौशी माणसाला बरं वाटावं म्हणून हे म्हटलेलं नाही. ग्रहांवरच्या अनेक शोधनिबंधांत व्यावसायिक शास्त्रज्ञांच्या शेजारी हौशी निरीक्षकांची नावं लेखक म्हणून छापलेली असतात.

एवढ्या मोठमोठ्या दुर्बिणी आणि अवकाशयानं असताना गच्चीवरच्या आठ-दहा इंची दुर्बिणीला काय किंमत, असं कुणी विचारेल. किंमत आहे ती वेळेमुळे. मोठ्या वेधशाळेत एका रात्रीसाठी महिनोन् महिने आधी अर्ज करावा लागतो. हबल दुर्बीण गुरूकडे वळते, पण वर्षातले मोजके तास. गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाची कक्षा इतकी लांबट ठेवली होती की सुरुवातीची काही वर्षं ते ५३ दिवसांतून एकदाच, काही तासांपुरतं, ग्रहाच्या अगदी जवळ यायचं. मधल्या दिवसांत गुरूवर काय चाललं होतं? वादळ कधी उठलं, कुठला पट्टा फिकट झाला, कुठला डाग दुसऱ्या डागात मिसळला? हे सांगायला जगभर पसरलेले हौशी निरीक्षकच असतात. जुनोच्या चमूने तर हौशी मंडळींना उघड आवाहन करून त्यांची छायाचित्रं मागवली.

या क्षेत्रातली सर्वांत गाजलेली घटना १९ जुलै २००९ ची. अँथनी वेस्ली हा ऑस्ट्रेलियातला संगणक प्रोग्रॅमर. न्यू साउथ वेल्समधल्या मरम्बेटमन या गावी घराच्या अंगणात त्याची साडेचौदा इंची परावर्तक दुर्बीण होती. त्या रात्री हवा बिघडत चालली होती, म्हणून मध्यरात्रीच्या सुमारास काम थांबवावं असं त्याच्या मनात होतं. थोडा वेळ घरात टीव्हीवर खेळ बघून तो परत आला, तेव्हा गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग कडेकडून आत सरकत होता. आधी त्याला ते ध्रुवाजवळचं नेहमीचं वादळ वाटलं. मग तो डाग सगळ्या रंगांच्या फिल्टरमधून काळाच दिसतोय हे लक्षात आलं. गुरूच्या एखाद्या चंद्राची सावली असावी का, हेही त्याने तपासलं. पण त्या जागी त्या वेळी कुठल्याही चंद्राची सावली असणं शक्य नव्हतं, आणि डाग ग्रहाबरोबरच फिरत होता. तेव्हा त्याने व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांना ईमेल केले. हवाईतल्या मौना केआवरची नासाची अवरक्त दुर्बीण गुरूकडे वळली, तिथे त्याच जागी झगझगीत ठिपका मिळाला, आणि चारच दिवसांनी हबलनेही त्याचं छायाचित्र घेतलं. एक खगोल, बहुधा काहीशे मीटर व्यासाचा लघुग्रह, गुरूवर आदळला होता. शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले त्याला तेव्हा बरोबर पंधरा वर्षं होत होती.

वेस्लीचं नशीब थोर, असं बरेचजण म्हणतात. मला त्याच्या नशिबापेक्षा त्याने पाठोपाठ केलेली तपासणी मोठी वाटते. काळा ठिपका दिसणं आणि तो ठिपका काय नाही हे एकेक करून ठरवणं, यात शोधाचा भाग दुसऱ्या कामात आहे. गुरूचं रोजचं रूप पाठ असल्याशिवाय ते जमत नाही.

त्याच घटनेत आपल्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. डाग सापडला तेव्हा जागतिक प्रमाणवेळेनुसार, म्हणजे यूटीनुसार, दुपारचे दीड वाजले होते. ऑस्ट्रेलियात रात्रीचे साडेअकरा, आपल्याकडे संध्याकाळचे सात. गुरू आपल्या क्षितिजावर यायला अजून वेळ होता आणि वर जुलैचे ढग. त्या रात्री पालघरहून काहीच दिसलं नसतं. पण वर्षातल्या इतर रात्री हेच गणित उलटं फिरतं. गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत, साधारण ९ तास ५५ मिनिटांत, एक फेरी पूर्ण करतो. मध्यरेषेवर आता दिसणारा डाग अडीच तासांत कडेला जातो. सिडनीत पहाट होऊन निरीक्षक दुर्बीण झाकतो, तेव्हा आपल्याकडे रात्र शिल्लक असते. पश्चिम युरोपात तेव्हा जेमतेम संध्याकाळ असते. ऑस्ट्रेलिया-जपान आणि युरोप यांच्यामधल्या या पट्ट्यात नियमित निरीक्षण करणारे फार थोडे. गुरूची जी बाजू त्या काही तासांत पृथ्वीकडे वळलेली असते ती बघायची तर भारतातून, मध्य आशियातून किंवा पश्चिम आशियातून बघावी लागते. पालघर ७२.८ पूर्व रेखांशावर आहे, आणि या कामात ती मोठी जमेची बाजू आहे.

आपल्याजवळ अक्षांशही चांगला आहे. २०१९-२० मध्ये गुरू आकाशात खूप दक्षिणेला होता. लंडनहून तो जेमतेम १६ अंश वर यायचा, म्हणजे दाट, थरथरत्या हवेतून बघावं लागायचं. पालघरहून तोच ग्रह ४८ अंशांवर. उलट जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला, म्हणजे सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असताना, तो मिथुन राशीत, २२ अंश उत्तर क्रांतीवर असतो, म्हणजे बोईसरच्या जवळजवळ माथ्यावरून जातो. डोक्यावरचा ग्रह बघताना हवेचा थर सर्वांत पातळ असतो. डोब्सोनियन दुर्बीण मात्र अगदी माथ्यावर वळवताना अडते. ती असलेल्यांनी मध्यान्ह रेषा ओलांडायच्या तासभर आधी किंवा नंतर काम करावं.

पावसाळा ही आपली खरी अडचण. जून ते सप्टेंबर आकाश जवळजवळ बंद. गुरूची प्रतियुती दर वर्षी सुमारे महिनाभर पुढे सरकते. २०२० मध्ये ती जुलैत होती, २०२१ मध्ये ऑगस्टमध्ये, २०२२ मध्ये सप्टेंबरच्या अखेरीस. ती तिन्ही वर्षं कोकणपट्टीतल्या निरीक्षकाला जड गेली. मग २०२३ ला नोव्हेंबर, २०२४ ला डिसेंबर, २०२६ ला १० जानेवारी, २०२७ ला फेब्रुवारी आणि २०२८ ला मार्च. बारा वर्षांच्या चक्रातला हा आपल्या सोयीचा काळ आहे. गुरू सर्वांत मोठा आणि तेजस्वी दिसतो त्या दिवसांत आपलं आकाश सर्वांत मोकळं असतं. पुन्हा पावसाळ्याकडे सरकायला वेळ आहे, पण फार नाही.

आता छायाचित्र कसं घेतात ते बघू. दुर्बिणीतून गुरू बघताना तो सतत डुचमळतो. वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेलं नाणं जसं क्षणात स्पष्ट आणि क्षणात फुटलेलं दिसतं, तसं. हवेचे गरम-थंड झोत प्रकाशकिरण वाकवतात. पूर्वी निरीक्षक तासन्‌तास डोळा लावून बसत, स्पष्ट क्षण टिपत आणि हाताने रेखाटन करत. आता कॅमेरा तेच काम करतो. दुर्बिणीला छोटा व्हिडिओ कॅमेरा लावून दोन-तीन मिनिटांत हजारो फ्रेम घेतल्या जातात. संगणक प्रत्येक फ्रेम तपासतो, सर्वांत स्पष्ट अशा काही टक्के निवडतो, त्या एकमेकींवर अचूक बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. ऑटोस्टॅकर्ट, रेजिस्टॅक्स ही त्यासाठीची सॉफ्टवेअर हौशी मंडळींनीच तयार केली आणि फुकट वाटली. दोन-तीन मिनिटांची मर्यादा गुरूच्या वेगामुळे येते. त्याचं विषुववृत्त सेकंदाला साडेबारा किलोमीटर या वेगाने फिरत असतं, त्यामुळे जास्त वेळ घेतला तर ढगांचे तपशील पुसट होतात. या युक्तीने आठ इंची आरसा आज जे दाखवतो, ते पन्नास वर्षांपूर्वी मोठ्या वेधशाळांच्या छायाचित्रांतही क्वचितच दिसायचं.

या तंत्राने काय साधतं याची उदाहरणं बरीच आहेत. गुरूच्या दक्षिण गोलार्धात १९४० च्या सुमारापासून तीन पांढरे अंडाकृती डाग होते. ते एकेक करून मिसळले आणि २००० सालापर्यंत त्यांचं एकच मोठं वादळ झालं. फेब्रुवारी २००६ मध्ये फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या ख्रिस्तोफर गो या उद्योजकाच्या लक्षात आलं की ते वादळ पांढऱ्याचं लाल झालंय. त्याची दुर्बीण ११ इंची होती आणि गाव आपल्यासारखंच दमट, समुद्रकाठचं. ३१ मे २०२० ला दक्षिण आफ्रिकेतल्या क्लाइड फॉस्टर यांना मिथेनच्या फिल्टरमधून गुरूच्या प्रसिद्ध तांबड्या डागाजवळ नवा झगझगीत ठिपका दिसला. दोनच दिवसांनी जुनो यान त्या भागावरून जाणार होतं, त्यामुळे ताज्या उद्रेकाची अगदी जवळून छायाचित्रं मिळाली. खुद्द तांबडा डाग लहान होत चाललाय हे आता सर्वांना माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची लांबी सुमारे ४० हजार किलोमीटर होती, हबलने २०१४ मध्ये मोजली तेव्हा १६,५०० भरली. २०१२ पासून हे आकुंचन वेगाने होतंय, ते आधी हौशी निरीक्षकांच्या मोजमापांतून कळलं. दीडशे वर्षांपूर्वीची लांबी आपल्याला ठाऊक आहे ती तेव्हाच्या निरीक्षकांनी रेखाटनावर तारीख आणि वेळ घातली म्हणून. श्वाबे नावाच्या जर्मन औषधविक्रेत्याचं १८३१ चं रेखाटन तर आजही अभ्यासक काढून बघतात.

उष्ण कटिबंधातला आणखी एक माणूस मला फार आवडतो. चार्ल्स बॉयर काँगोतल्या ब्राझाव्हिलमध्ये न्यायखात्यात काम करत. १९५७ मध्ये त्यांनी २६ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून अतिनील प्रकाशात शुक्राची छायाचित्रं घेतली आणि ढगांवरच्या खुणा चार दिवसांनी पुन्हा त्याच जागी येतात असं त्यांना आढळलं. शुक्र स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस घेतो. मग त्याचं वातावरण चार दिवसांत प्रदक्षिणा घालतं हे कोण मान्य करणार? बरीच वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९७४ मध्ये मरीनर १० यान शुक्राजवळून गेलं आणि बॉयर बरोबर ठरले. वातावरण ग्रहापेक्षा इतकं वेगाने का फिरतं, यावर आजही संशोधन चालू आहे.

आपल्याकडे ही परंपरा नाही असं समजायचं कारण नाही. व्यंकटेश बापूजी केतकर हे नाव मराठी पंचांगवाल्यांना माहीत आहे, ‘ज्योतिर्गणित’ आणि ‘केतकी ग्रहगणित’ या ग्रंथांमुळे. १८५४ मध्ये नरगुंदला जन्मलेले केतकर मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात शिक्षक होते. वेधशाळेत त्यांनी कधी नोकरी केली नाही. मे १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा लेख छापून आला. नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असं त्यांनी मांडलं. त्यांना नावं दिली ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ३९ पट आणि एका प्रदक्षिणेचा काळ सुमारे २४२ वर्षं, असं त्यांचं गणित. १९ वर्षांनी, फेब्रुवारी १९३० मध्ये, क्लाइड टॉमबॉने प्लूटो शोधला. त्याचं सरासरी अंतर ३९.५ पट, काळ २४८ वर्षं.

या जुळणीवरून केतकरांनी प्लूटोचं भाकीत केलं असं अभिमानाने लिहिलं जातं. मला ते तसं लिहायला आवडत नाही. गुरूच्या चंद्रांच्या गतींमध्ये लाप्लासने दाखवलेलं प्रमाण बाहेरच्या ग्रहांनाही लावून त्यांनी हे आकडे काढले होते. प्लूटो इतका हलका आहे की इतर ग्रहांच्या गतीत त्याच्यामुळे मोजता येण्याजोगा फरक पडत नाही. आकडे जुळले हा बराचसा योगायोग मानावा लागतो. तरीही केतकर मोठे ठरतात ते दुसऱ्या कारणाने. विजापूर-बागलकोटकडचा एक शाळामास्तर आपलं गणित आकड्यांसह जगासमोर, तारखेसह, छापील पत्रिकेत मांडतो. चूक असेल तर कुणालाही दाखवता यावी, बरोबर असेल तर कुणालाही ताडून बघता यावं, अशा रीतीने. टॉमबॉ तरी कोण होता? कॅन्ससमधला शेतकऱ्याचा मुलगा. घरी बनवलेल्या दुर्बिणीतून काढलेली मंगळ-गुरूची रेखाटनं त्याने लॉवेल वेधशाळेला पाठवली आणि त्या रेखाटनांवर त्याला तिथे काम मिळालं.

संस्थांची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था २२ ऑगस्ट १९४४ ला स्थापन झाली. हौशी खगोल अभ्यासकांची देशातली ही सर्वांत जुनी संस्था. हॅलीच्या धूमकेतूच्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ उभं राहिलं, वांगणीच्या त्यांच्या रात्रीच्या कार्यक्रमांतून कित्येकांनी पहिल्यांदा शनीची कडी बघितली. कल्याणचं आकाश मित्र मंडळही याच कामातलं. आयुकाने दुर्बिणीचे आरसे हाताने घासून बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या. या सगळ्यांनी आकाश दाखवण्याचं काम मनापासून केलं आहे. दाखवण्याकडून नोंदवण्याकडे जाणारे मात्र अजून कमी आहेत, आणि माझ्या मते पुढची मजल तिथेच आहे.

पालघर जिल्ह्याला खास शोभेल असं एक काम आहे, लघुग्रहांच्या पिधानांचं. एखादा लघुग्रह दूरच्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा तारा काही सेकंद विझतो. तारा इतका दूर असतो की त्याचे किरण समांतर येतात, त्यामुळे पृथ्वीवर पडणारी सावली लघुग्रहाच्याच आकाराची असते. समजा १०० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आहे आणि सावली सेकंदाला १५ किलोमीटरने धावतेय, तर मधोमध उभ्या असलेल्या माणसाला तारा सहा-सात सेकंद दिसणार नाही. कडेला असलेल्याला दोनच सेकंद, सावलीबाहेरच्याला काहीच नाही. प्रत्येक निरीक्षकाने तारा कधी गेला आणि कधी आला ही वेळ दशांश सेकंदापर्यंत नोंदवली की लघुग्रहाच्या आकाराची एकेक रेघ मिळते, दीड-दोन किलोमीटरच्या अचूकतेने. रेघा पुरेशा झाल्या की त्याची आकृती उभी राहते. मोठमोठ्या दुर्बिणींनाही जो लघुग्रह नुसता ठिपका दिसतो, त्याचा आकार असा साध्या दुर्बिणींच्या रांगेने मोजता येतो. गाया यानाने ताऱ्यांची स्थानं अतिशय बारकाईने मोजल्यापासून सावली कुठून जाणार हे आधी चांगलं सांगता येतं. ती भाकितं काढणारं ‘ऑकल्ट’ हे सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या डेव्ह हेराल्ड या हौशी अभ्यासकाने लिहिलेलं आहे.

आता पश्चिम रेल्वेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. विरार, वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. दक्षिणेकडून उत्तरेकडे सुमारे ६४ किलोमीटरची जवळजवळ सरळ रेषा. लघुग्रहांच्या सावल्या बहुतेक वेळा पूर्व-पश्चिम दिशेला तिरप्या धावतात. म्हणजे प्रत्येक स्टेशनजवळच्या गच्चीवर एकेक दुर्बीण असेल, तर एकाच सावलीला नऊ वेगवेगळ्या ठिकाणी कापता येईल. परदेशातले निरीक्षक अशी रांग लावायला गाडीत दुर्बिणी टाकून रात्रभर हिंडतात. आपल्याकडे माणसं आधीच त्या रांगेत राहतात आणि रोज त्याच मार्गाने कामाला जातात. शिवाय पिधानाला फार काळोखही लागत नाही. तारा पुरेसा तेजस्वी असला की एमआयडीसीच्या उजेडातही तो गेला-आला हे कॅमेऱ्यात कळतं. तारा विझला नाही, हीसुद्धा उपयोगी नोंद असते. सावलीची कड कुठे संपली ते त्यातूनच ठरतं, म्हणून सावलीबाहेर पडलेल्याने ‘काही दिसलं नाही’ म्हणून गप्प बसू नये.

या पद्धतीचं सामर्थ्य भारताने जवळून बघितलं आहे. १० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता आणि ते दृश्य हिंदी महासागराच्या भोवतालच्या प्रदेशातूनच दिसणार होतं. तमिळनाडूतल्या कावलूरला १०२ सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांना ग्रह ताऱ्यापर्यंत पोचण्याआधीच ताऱ्याचा उजेड कमी झाल्याचं आढळलं. विमानातल्या कायपर वेधशाळेतून अमेरिकन चमूने तशा अनेक घसरणी टिपल्या. युरेनसला कडी आहेत हे असं कळलं. ते निरीक्षक व्यावसायिक होते, पण सावली ज्या देशावरून जाते तिथे त्या क्षणी कुणीतरी हजर असावं लागतं, हे त्या रात्रीने दाखवलं.

दुर्बीण घ्यायची ऐपत नसेल तरी मार्ग आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशोध सहयोग या उपक्रमात हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीची छायाचित्रं शाळा-महाविद्यालयांना मिळतात. एकाच भागाची चार छायाचित्रं काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली असतात. ती ॲस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये एकामागोमाग लावली की तारे स्थिर राहतात आणि सरकणारा ठिपका लघुग्रह असतो. भारतातून हजारो विद्यार्थ्यांनी यात भाग घेतला आहे, महाराष्ट्रातल्या कित्येक शाळांनीही. यावरच्या बातम्यांबद्दल मात्र तक्रार करावीशी वाटते. ठिपक्याला प्राथमिक नोंद मिळाली की ‘विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला’ असा मथळा येतो. प्रत्यक्षात त्याची कक्षा पक्की व्हायला अनेक वर्षं आणि इतरांची पुष्कळ निरीक्षणं लागतात, क्रमांक त्यानंतर मिळतो आणि नाव ठेवण्याचा प्रश्न त्याच्याही पुढचा. मुलांना हे आधीच सांगितलं तर त्यांचा उत्साह कमी होत नाही. उलट विज्ञान किती सबुरीने चालतं ते त्यांना लहानपणीच कळतं.

सुरुवात करणाऱ्यांसाठी आपल्या भागापुरत्या काही गोष्टी. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो. त्या गरम हवेतून गुरू उकळत असल्यासारखा दिसतो. शक्य असेल तर मातीच्या किंवा गवताच्या अंगणात दुर्बीण लावा, नाहीतर मध्यरात्रीनंतर काम करा. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा, आरसा हवेइतका थंड होऊ द्या. केळवे, शिरगाव, चिंचणी अशा किनाऱ्यालगतच्या गावांत खारी हवा आरशाचा मुलामा खाते आणि पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. काम झालं की झाकणं लावून सिलिका जेलच्या पिशव्यांसह डब्यात बंद करा. पावसाळ्याचे चार महिने फुकट घालवू नका. सॉफ्टवेअर शिकायला, जुनी छायाचित्रं मोजायला, साथीदार जमवायला तोच वेळ आहे.

आणि वेळ. सगळ्यात जास्त नोंदी वाया जातात त्या वेळेच्या घोळामुळे. ३ जून २०१० ला गुरूवर एक झोत चमकला, सुमारे दोन सेकंद. तो वेस्लीने ऑस्ट्रेलियातून पकडला आणि बातमी कळताच गो याने सेबूतला आपला व्हिडिओ तपासला, त्यातही तो होता. दोन्ही नोंदींची वेळ एकच, यूटी २० वाजून ३१ मिनिटं. दोन देशांतल्या दोन कॅमेऱ्यांत एकाच क्षणी दिसल्यामुळे तो कॅमेऱ्याचा दोष नाही हे सिद्ध झालं. साधारण दहा मीटरचा एक दगड गुरूच्या वातावरणात जळाला होता. तसे झोत नंतरही टिपले गेले आणि त्यांच्यावरून असे खगोल गुरूवर वर्षाला किती पडतात याचा अंदाज बांधता आला. भारतीय घड्याळात मात्र तेव्हा ४ जूनच्या पहाटेचे दोन वाजून एक मिनिट झालं होतं. आपल्यापैकी कुणी तो टिपून ‘४ जून, रात्री दोन’ एवढंच लिहिलं असतं, तर ती नोंद एक दिवस चुकीची ठरली असती. म्हणून भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करा, तारीख बदलत असेल तर बदला आणि मोबाइलचं घड्याळ आधी अचूक वेळेशी ताडून घ्या.

पालघर, बोईसर आणि डहाणूच्या महाविद्यालयांतल्या भौतिकशास्त्र विभागांना माझी विनंती आहे: एक आठ इंची दुर्बीण, एक छोटा कॅमेरा आणि एक नोंदवही एवढ्यावर काम सुरू करा. तारापूरच्या वसाहतींत यंत्रं, संवेदक आणि संगणक कोळून प्यायलेले अभियंते राहतात, त्यांना बोलवा. प्रत्येक नोंदीत तारीख, यूटी वेळ, ठिकाण, दुर्बिणीचा व्यास, फिल्टर आणि हवेची स्थिती लिहा. छायाचित्र सुंदर आलं नाही तरी पाठवा, पण वेळ चुकीची असेल तर पाठवू नका. पावसाळा ओसरला की पहिल्या स्वच्छ रात्री सुरू करा आणि पुढचा पाऊस येईपर्यंत एकही स्वच्छ रात्र सोडू नका.